शक्य, पण वैध नाही

सार्वजनिक रुग्णालयाच्या नेत्रविभागात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी नाव नोंदवायचे असेल तर एक अर्ज भरावा लागतो, आणि त्या अर्जाचा सातवा रकाना दूरध्वनी क्रमांकाचा असतो. डोळ्यांचा रकाना अकरावा आहे. हा क्रम कोणी ठरवला हे कोणालाच माहीत नाही, पण तो बदलावा असेही आजवर कोणाला वाटलेले नाही. एका सोमवारी सकाळी टेकडीवर राहणारा दूरध्वनी विभागाचा एक निवृत्त लाइनमन आपल्या बायकोचा हात धरून त्या खिडकीपाशी आला. बायको शिवणकाम करायची. वर्षभरापूर्वी तिचे सुई ओवणे सुटले, मग मशीन सुटले, आणि आता ती नवऱ्याला पावलांवरून ओळखत होती. डॉक्टरांनी तपासून सांगितले होते की उजव्या डोळ्याला घाई नाही, पण डाव्यात दाब वाढतो आहे; तीन महिन्यांत शस्त्रक्रिया झाली नाही तर त्या डोळ्याचा भरवसा देता येणार नाही.

अर्जाच्या तळाशी मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत पुढील मजकूर होता: ‘वरील माहिती आपल्या समजुतीप्रमाणे खरी असल्याचे अर्जदारास मान्य असून, तीत बदल झाल्यास तो विहित नमुन्यात पंधरा दिवसांच्या आत कळवण्याची जबाबदारी अर्जदाराची राहील, नेमून दिलेल्या दिवशी अर्जदार अनुपस्थित राहिल्यास त्याचा क्रम रद्द समजण्यात येईल, अर्जासोबत जोडलेली कागदपत्रे परत मिळणार नाहीत, रकाना सातमधील क्रमांक कोणत्याही कारणाने स्वीकारला न गेल्यास, आपणाकडे दूरध्वनी नसल्याचे अर्जदाराने स्वहस्ते लिहून दिल्यावर नेमलेला दिवस टपालाने कळवण्यात येईल, आवारात वाहने उभी करण्याचे नियम अर्जदारास लागू राहतील, आणि या मजकुरातील अर्जदार या शब्दात अर्जदाराच्या वतीने अर्ज करणाराही समाविष्ट आहे.’ त्याखाली एक चौकोन होता आणि चौकोनासमोर ‘मी वरील मजकूर वाचला असून तो मला मान्य आहे’ असे छापले होते. लाइनमनने चौकोनात बरोबरची खूण केली आणि अर्ज आत सरकवला.

खिडकीवरच्या बाई अर्ज संगणकात उतरवू लागल्या. सातव्या रकान्यात त्यांनी नऊ-चार-सात-शून्य-दोन-सहा असे टंकताच रकाना हिरवा झाला. सगळे सुरळीत चालले होते. पण लाइनमनचे उभे आयुष्य खांबांवर चढून तारा सरळ ओढण्यात गेलेले. डोळ्यांसमोर काही वाकडे दिसले की त्याला राहवत नसे. काचेतून पडद्याकडे डोकावून तो म्हणाला, "बाई, पहिला आकडा एक आहे. तुम्ही नऊ घातलात."

बाईंनी अर्ज नाकाशी नेला. "हा एक आहे? मला तर नऊच वाटला."

"एकच आहे," बायको मागून म्हणाली. "यांचा एक तसाच असतो. मापं लिहून घ्यायचे तेव्हा कंबर एकतीस की एकोणचाळीस, हे मला दर वेळी विचारावं लागायचं."

बाईंनी नऊ खोडून एक घातला. रकाना लाल झाला आणि त्याखाली एक ओळ उमटली: ‘क्रमांक शक्य आहे, परंतु वैध नाही.’ बाईंनी तो पुसून पुन्हा टंकला, मग अंतर सोडून टंकला, मग शहराचा संकेतांक जोडून टंकला. यंत्र आपल्या मतावर ठाम होते. लाइनमनने सांगितले की हा नंबर तेवीस वर्षे त्याच्या घरी आहे, टेकडीवरच्या एक्स्चेंजपासून घरापर्यंतची तार त्याने स्वतः ओढली आहे आणि टेकडीवरचे सगळेच नंबर एकने सुरू होतात. बाईंनी हे सारे सहानुभूतीने ऐकून घेतले आणि अर्जावर ‘पडताळणीसाठी’ असा शिक्का मारला.

आता कोणी म्हणेल की मोबाइल घ्यायचा, विषय मिटला. तोही प्रयत्न झाला. टेकडीवर मोबाइलची रेंज पायथ्याशीच दम टाकते, तरी केवळ रकान्याच्या समाधानासाठी लाइनमन दुकानात गेला. तिथे नव्या नंबरासाठी अर्ज होता आणि त्याच्या चौथ्या रकान्यात चालू नंबर मागितला होता. तो भरला तर शक्य निघाला, पण वैध निघाला नाही. दुसऱ्या शहरातल्या मुलीचा नंबर देऊन पाहिला, तेव्हा रुग्णालयाने नियम दाखवला की क्रमांक रुग्णाच्या राहत्या घरचाच हवा.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी घरचा फोन वाजला. पलीकडचा आवाज अत्यंत अदबशीर होता.

"नेत्रविभागाच्या पडताळणी कक्षातून बोलतोय. आपल्या अर्जातला दूरध्वनी क्रमांक वैध नाही, हे कळवायला फोन केला."

लाइनमनने क्षणभर हातातल्या रिसीव्हरकडे पाहिले. "कुठल्या नंबरावर केलात?"

कक्षाने एकापासून सहापर्यंत सगळे आकडे वाचून दाखवले.

"मग लागला ना?"

"लागला. पण वैध नाही. लागणं आणि वैध असणं या दोन वेगळ्या बाबी आहेत, काका. आमच्याकडे फक्त दुसरी बघतात."

मग कक्षाने विचारले की या संभाषणाचा निष्कर्ष कोणत्या क्रमांकावर कळवावा. लाइनमनने फोन ठेवून दिला. याची नोंद ‘अर्जदाराचे सहकार्य नाही’ अशी झाली.

तो रुग्णालयाच्या संगणक विभागात गेला. तिथले साहेब एका थंडगार खोलीत बसत, आणि यंत्रांना लागते म्हणून ती खोली थंड ठेवली आहे असे आल्यागेल्याला सांगत. त्यांनी तक्रार शांतपणे ऐकली. ते म्हणाले, "हा निर्णय आमचा नाहीच. लायब्ररीचा आहे. आम्ही नंबर लायब्ररीला विचारतो, ती हो म्हणाली की हो, नाही म्हणाली की नाही. बँका, शाळा, पाणीपुरवठा, सगळे तिलाच विचारतात." लायब्ररीवर अपील कुठे करायचे असे लाइनमनने विचारले. साहेबांना हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. ते म्हणाले, "लायब्ररीतच."

लाइनमन सरळ बाजारामागच्या सार्वजनिक वाचनालयात गेला. ग्रंथपाल बाई दोऱ्याने पाठकोरे कागद शिवत बसल्या होत्या. त्याने टेबलावर हात टेकून विचारले की माझा नंबर तुम्ही अवैध का ठरवलात. तीस वर्षे लोकांचे प्रश्न ऐकून ग्रंथपाल बाई कशालाच हसत नसत. त्यांनी आधी नोंदवही काढली, त्याचे नाव शोधले, नाव नाही म्हणून सभासद व्हायला सांगितले आणि त्याचा नंबर वाचनालयाच्या संगणकात घातला. रकाना लाल झाला.

मग त्या थांबल्या, आणि त्यांच्या ध्यानात दोन गोष्टी आल्या. पहिली त्यांनी त्याला समजावून सांगितली: संगणकवाले ज्याला लायब्ररी म्हणतात ती पुस्तकांची नव्हे, कोणीतरी एकाने लिहून ठेवलेला तयार कामाचा तुकडा असतो, तो इतरांनी आयता उचलून आपापल्या यंत्रात बसवायचा. फोन नंबर खरा की खोटा हे ठरवणारा असा एक छोटासा तुकडा आहे, तो वाचनालयानेही बसवलेला आहे. दुसरी गोष्ट त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या. "दोन वर्षांत टेकडीवरून एकही नवा सभासद झाला नाही. तिकडच्या लोकांना वाचनाची आवड नाही, असा अहवाल आम्ही वर पाठवलाय." त्या अहवालावरून टेकडीवरची फिरती पुस्तकगाडी बंद झाली होती. लाइनमनला वाटत होते की गाडी बिघडली असेल.

एव्हाना पाच आठवडे झाले होते. बायकोला दारातल्या माणसाचा आकार दिसत होता तो आता दिसेनासा झाला. सांडलेले पाणी ती पायाला लागल्यावर पुसायची आणि काही झाले नाही असे दाखवायची. ते त्याला बघवत नसे. तो पुन्हा खिडकीवर गेला. खिडकीवरच्या बाई मनाने चांगल्या होत्या, आणि या गोष्टीतले निम्मे नुकसान चांगल्या मनाच्या माणसांनीच केले आहे. त्यांनी इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. "काका, त्या दिवशी मी चुकून नऊ घातला होता ना, तेव्हा हिरवं झालं होतं. तेच घालू?"

"पण तो माझा नंबर नाही."

"वैध तर आहे."

"तिथे फोनच नाहीये, बाई. टेकडीवर नऊने सुरू होणारा नंबर कधी निघालाच नाही. मी सांगतो ना, मी जोडलेत सगळे."

"तुम्हाला तुमचा नंबर हवाय की काकूंची तारीख?" बाईंनी विचारले. लाइनमनने पडद्याकडे पाठ फिरवली. बाईंनी नऊ घातला. रकाना हिरवा झाला आणि बायकोचा अर्ज, नसलेल्या फोनच्या आधाराने, पूर्णपणे वैध झाला.

तारीख कळणार कशी, याचीही वाट बाईंनी दाखवली: दर सोमवारी चौकशीच्या खिडकीवर येऊन विचारायचे. लाइनमन दर सोमवारी गेला. चौकशीची खिडकी रुग्णाच्या माहितीबद्दल फार दक्ष होती. तारीख सांगण्याआधी ती नोंदलेल्या क्रमांकावर चार आकडी संकेत पाठवी आणि तो विचारी. लाइनमन दर सोमवारी सांगे की संकेत आला नाही, आणि खिडकी दर सोमवारी सांगे की आम्ही पाठवला आहे. पाचव्या सोमवारी संकेत मागितलाच गेला नाही, म्हणून त्याला आनंद झाला. अर्ज बंद झाल्यामुळे संकेताची गरज उरली नव्हती. ‘रुग्णास दिनांक कळवला. रुग्ण अनुपस्थित. क्रम रद्द.’ त्याने जाब विचारला तेव्हा संदेश पाठवल्याचा पुरावा त्याला छापून देण्यात आला. शस्त्रक्रियेचा दिवस मागच्या बुधवारी होऊन गेला होता. त्या बुधवारी दोघे घरीच होते, आणि बायको चाचपडत शेंगा सोलत बसली होती.

ग्रंथपाल बाईंना त्या अहवालाची टोचणी लागलेली होती. त्यांनी वाचनालयाच्या संगणकावरून नंबर तपासणाऱ्या लायब्ररीच्या कर्त्याला लाइनमनच्या वतीने तक्रार लिहिली. त्या तक्रारीच्या पानावर फोन नंबराचा रकाना नव्हता. कर्त्याने तिथे लिहून ठेवले होते की फोन नंबरांचा भरवसा नसतो, म्हणून विचारत नाही. तरी बाईंनी मजकुरात नंबर दिला, आणि चार दिवसांनी दुपारी टेकडीवर फोन वाजला.

कर्ता कुठल्यातरी दूरच्या गावात राहणारा, सभ्य आणि थकलेला माणूस होता. तीन सुट्यांमध्ये त्याने ही लायब्ररी लिहिली होती आणि नंतर जग तिच्यावर येऊन बसले. आजवर कोणी आभार मानायलाही त्याला लिहिले नव्हते, फक्त तक्रारी येत. त्याने सांगितले की आपल्या लायब्ररीला दोनशेहून अधिक देशांचे नंबर कळतात. ज्या बेटांवर माणसे कमी आणि पक्षी जास्त, तिथलेही कळतात.

"माझा कळत नाही," लाइनमन म्हणाला.

"तुमचा शक्य आहे. आकडे बरोबर सहा आहेत. पण वैध नाही. तुमच्या टेकडीवरचे नंबर नऊने सुरू होतात."

"एकने होतात. तुम्ही आत्ता कुठे फोन केलात?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग कर्ता म्हणाला, "मी अंदाजाने काही करत नाही हो. लोकांनी सांगितलं म्हणून बदलत गेलो तर उद्या कोणीही काहीही सांगेल. माझ्याकडे तुमच्याच दूरध्वनी विभागाची छापील यादी आहे, तपासून सही केलेली. पान चार. विभागाने दुरुस्त करून दिली तर मी पाच मिनिटांत बदलतो." त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते, आणि लाइनमनला त्याचाच जास्त संताप आला. विभागात कोण गाढव बसले होते, एकने सुरू होणाऱ्या एक्स्चेंजपुढे नऊ छापणारे? एक्स्चेंज पाहिले तरी होते का त्याने? त्या माणसाला शोधून काढतो आणि त्याच्या कानात सहाही आकडे ओरडतो, असे तो बायकोला म्हणाला.

ती यादी वाचनालयात होती. सरकारी प्रकाशनांच्या कपाटात, कोणी हात न लावलेली, पाने अजून एकमेकांना चिकटलेली. ग्रंथपाल बाईंनी पान चार उघडून दिले. टेकडीच्या एक्स्चेंजपुढे ‘प्रारंभीचा अंक’ या रकान्यात ठळक ९ होता. त्याखाली टीप होती: ‘लाइनमन यांच्या हस्तलिखित यादीवरून टंकित.’ आणि तिच्याखाली, ‘प्रत्यक्ष तपासले, बरोबर आहे’ या शब्दांपुढे, सही होती. सही त्याची होती.

त्याला तो दिवस आठवला. नोकरीचा शेवटचा दिवस. शेजारच्या खोलीत निरोपाचा चहा गार होत होता, साहेब भाषणाचा कागद हातात घेऊन खोळंबले होते, आणि कारकून बारा पानांची यादी पुढे करून म्हणाला होता की एक सही करा आणि मोकळे व्हा. त्याने एक सही केली होती आणि तो मोकळा झाला होता. टंकणाऱ्याने त्याचा एक नऊ म्हणून वाचला, सही करताना लाइनमनने तो नऊ वाचलाच नाही, कर्त्याने सहीवर विश्वास ठेवला, आणि साऱ्या जगाने कर्त्यावर. या सगळ्या पडताळणीत प्रत्यक्ष पाहिलेले असे कोणीच नव्हते. त्याला फार लाज वाटली. ग्रंथपाल बाईंनी सही ओळखली की नाही कळायला मार्ग नव्हता. त्यांनी पान मिटले आणि पाणी आणून दिले.

दुरुस्ती व्हावी म्हणून तो दूरध्वनी विभागात गेलाच. विभागाने आनंदाने तयारी दाखवली. मूळ तपासणाऱ्याचे पत्र हवे होते, आणि पत्रासोबत त्याचा वैध दूरध्वनी क्रमांक.

घरी येऊन त्याने बायकोला सगळे सांगितले. ती रागावेल असे त्याला वाटले होते. ती बराच वेळ हातातली गुंडी चाचपत राहिली. मग म्हणाली, "कंबर एकोणचाळीस धरून मी दोन झगे वाया घालवलेत तुमच्यापायी. तेव्हाच तुम्हाला पाटीवर एक गिरवायला बसवायला हवं होतं." आणि थोड्या वेळाने, "उद्या परत नवा अर्ज करा. पण या वेळी वाचून करा."

दुसऱ्या दिवशी लाइनमन खिडकीपुढे उभा राहून अर्ज वाचू लागला. वरपासून, मोठ्याने, शेजारी उभ्या बायकोला ऐकू जाईल असा. त्याच्यामागे तीस माणसांची रांग होती. चौकोनाखेरीज अर्जात आणखीही काही असते, हे त्या रांगेला नवीनच होते. कोणी घड्याळ पाहिले, कोणी सुस्कारा सोडला. तिसऱ्या क्रमांकावरचा एक सुशिक्षित गृहस्थ म्हणाला, "अहो काका, ते कोण वाचतं का? टिक करा आणि सरका ना पुढे." लाइनमन सरकला नाही. तो मुंगीच्या पायांपर्यंत आला, कागदपत्रांच्या स्वल्पविरामापर्यंत आला, आणि तिथे थांबून त्याने पुढचे वाक्य दोनदा वाचले. मग त्याने बोट ठेवून ते खिडकीवरच्या बाईंना दाखवले.

बाईंनी ते वाचले. अकरा वर्षे त्या ही खिडकी सांभाळत होत्या. "अय्या," त्या म्हणाल्या. "हे होतं होय इथे?"

त्यांनी कोरा कागद दिला. उभे आयुष्य खांबांवर चढून गावाला बोलते केलेल्या माणसाने त्यावर स्वहस्ते लिहिले की माझ्याकडे दूरध्वनी नाही. अर्ज स्वीकारला गेला.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी घरचा फोन वाजला. लाइनमन सवयीने उठला. बायकोने चाचपडत त्याची बाही पकडली.

"पडताळणीवाले असतील," ती म्हणाली. "आपल्याकडे फोन नाही याची खात्री करत असतील. वाजू द्या."

तो वाजत राहिला. दोघे समोर बसून ऐकत राहिले. अठराव्या घंटेला तो थांबला, आणि रुग्णालयात नोंद झाली की अर्जदाराचे म्हणणे तपासले, बरोबर आहे. नवव्या दिवशी टपालाने तारीख आली. पहिल्या अर्जापासून साडेचार महिन्यांनी बायकोची शस्त्रक्रिया झाली. उजव्या डोळ्याने ती आता सुई ओवते. डाव्याला उशीर झाला होता. त्या बाजूने कोणी आले तर ती अजून पावलांवरूनच ओळखते.

आता एवढेच राहिले. ज्या वाक्याने हा डोळा पहिल्याच सोमवारी वाचला असता, ते या गोष्टीच्या दुसऱ्या परिच्छेदात जसेच्या तसे, एकही शब्द न गाळता दिलेले आहे. तुम्ही ते तेव्हाच ओलांडून पुढे आलात, आणि पुढे येऊन न वाचता सही करणाऱ्या लाइनमनला हसलात. रांगेत तिसऱ्या क्रमांकावर कोण होते, ते आता निराळे सांगायला नको. खाली चौकोन काढलेला नाही, कारण तुम्ही खूण केली आहे असेच धरून चाललो आहोत.